मास्तरांचा कोट, बाईंचे लुगडे

महाराष्ट्र शासनाच्या शालेय शिक्षण विभागाने मार्च २०२४ मध्ये शिक्षकांच्या पोशाखासंबंधी एक शासन निर्णय काढला. शिक्षिकांनी साडी किंवा सलवार अथवा चुडीदार, कुर्ता व दुपट्टा वापरावा. शिक्षकांनी शर्ट-पँट घालावी आणि शर्ट खोचलेला असावा. जीन्स, टी-शर्ट, गडद रंगांचे किंवा चित्रविचित्र नक्षीचे कपडे नसावेत, असा त्याचा आशय. त्याआधी डिसेंबर २०२० मध्ये सामान्य प्रशासन विभागाने सर्व शासकीय कर्मचाऱ्यांसाठी असेच परिपत्रक काढले होते. त्यात जीन्स, टी-शर्ट व स्लिपर यांना मनाई होती आणि शुक्रवारी खादी वापरण्याची सूचना होती. अशा आदेशांवरची चर्चा बहुधा दोन शब्दांभोवती फिरते. एक 'सोय' आणि दुसरा 'शोभा'. दिवसाला सहा-सात तास उभे राहून शिकवणाऱ्याला सोयीचे कपडे हवेत, हे एका बाजूचे म्हणणे. शिक्षकाने पेशाला शोभेल असे राहावे, हे दुसऱ्या बाजूचे. आमच्या वाचकांपैकी अनेक जण स्वतः अध्यापन करतात, तेव्हा या दोन्ही बाजू त्यांनी शिक्षक-खोलीत पुष्कळदा ऐकल्या असतील.

आम्हाला या चर्चेत एक गोष्ट नेहमी खटकते. सोय ही प्रत्येकाला सारखीच उपलब्ध असलेली वस्तू आहे आणि ती घ्यायची की नाही एवढाच प्रश्न आहे, असे दोन्ही बाजू गृहीत धरतात. महाराष्ट्रातल्या आधुनिक शिक्षणाचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर तसे दिसत नाही. कामाच्या जागी सैलपणे वावरण्याची मुभा काहींना न मागता मिळाली, आणि काहींना कपड्याच्या प्रत्येक निरीचा हिशेब द्यावा लागला. हा हिशेब कोणाला का द्यावा लागला, ते पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रारंभ पुरुषांपासून, कारण नोकरी ही गोष्ट प्रारंभी त्यांचीच होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला इंग्रजी शिकलेला मराठी गृहस्थ डोळ्यांसमोर आणावा. डोक्याला पगडी किंवा पागोटे, अंगात लांब कोट, खांद्यावर उपरणे, कमरेला धोतर, आणि पायांत मोजे व साहेबी बूट. धोतराखालच्या त्या बुटांची पुढे टिंगल पुष्कळ झाली. अर्धवट सुधारकाचे चित्र काढायचे तर बूट आधी, असा संकेतच पडला. पण या बुटांमागे एक सरकारी नियम होता, याचा विसर पडू नये. हिंदी माणसाने साहेबापुढे जाताना पादत्राणे बाहेर काढून ठेवावीत, अशी कंपनी सरकारच्या काळची रीत. १८५४ मध्ये गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलने ठराव करून त्यात एक फट ठेवली: जे नेटिव सद्गृहस्थ युरोपीय पद्धतीचे बूट व मोजे घालतील त्यांना औपचारिक प्रसंगी ते पायांत ठेवता येतील. १८७४ मध्ये ही सवलत अधिक व्यापक करण्यात आली. देशी जोडा घालणाऱ्याने मात्र तो काढायचाच. म्हणजे कचेरीत अनवाणी उभे राहायचे की घाम आणणारे मोजे चढवून मानाने उभे राहायचे, यातून निवड करायची होती. पुणेरी जोडा हा उन्हाळ्यातल्या पायाला बुटापेक्षा निश्चितच सुखाचा. पण त्या सुखाची किंमत दाराबाहेर मोजावी लागे. हौस, अनुकरण, साहेबाची छाप हे सारे कारणांत होतेच. तरीही त्या काळातल्या धोतर-बुटाच्या जोडीला केवळ अनुकरण म्हणून हसणे हे आम्हाला अपुरे वाचन वाटते.

मराठी शाळेतल्या मास्तरांपर्यंत हे बूट क्वचितच पोचले. खेड्यातला पंतोजी घरच्याच ओसरीवर किंवा देवळात शाळा भरवी, आणि घर व कामाची जागा यांत अंतर नसल्यामुळे वेशातही अंतर नसे. सरकारी शाळा आल्या, त्यांच्याबरोबर तपासणी आली, आणि 'दिपोटी' येण्याच्या दिवशी खुंटीवरचा कोट खाली उतरू लागला. एरवी बंडी आणि धोतर. मास्तरांच्या या कोटाबद्दल आमच्या साहित्यात जो जिव्हाळा आहे तो खराच आहे. गरिबीही खरीच आहे. आगरकरांकडे कॉलेजात असताना एकच सदरा होता, तो रात्री धुऊन सकाळी पुन्हा घालीत, ही आख्यायिका पिढ्यान्पिढ्या शाळांतून सांगितली गेली. तिच्यातला एक भाग मात्र सहसा लक्षात घेतला जात नाही. एकाच सदऱ्याने आगरकरांच्या विद्वत्तेविषयी कोणाच्या मनात शंका उत्पन्न झाली नाही. उलट तो सदरा त्यांच्या मोठेपणाचा पुरावा झाला. फाटका कोट घातलेला ब्राह्मण मास्तर हा 'साधा' ठरतो. तोच कोट दुसऱ्या कोणाच्या अंगावर असता तर 'साधा' हाच शब्द सुचला असता का?

याच आगरकरांनी 'सुधारका'त स्त्रियांनी जाकिटे घातलीच पाहिजेत, असा आग्रह धरणारा निबंध लिहिला. १८९२ ते १८९५ या काळात ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते. पोशाखाचा विचार शास्त्राधाराने न करता बुद्धीने, शरीराच्या गरजेने करावा, ही त्यांची भूमिका आजही ताजी वाटते. पण स्त्रीच्या अंगावर काय असावे हा प्रश्न पुरुष संपादकाने पुरुष वाचकांपुढे मांडावा, ही त्या काळाची रीत त्यांनाही सुटली नाही. आणि ज्यांच्या कपड्यांचा हा वाद चालला होता त्यांच्यातली एक, आगरकरांच्या जन्माआधीच, शाळेत शिकवू लागली होती.

सावित्रीबाई फुले यांनी १८४८ पासून पुण्यात मुलींना शिकवायला प्रारंभ केला. शाळेत जाताना रस्त्यात त्यांच्या अंगावर शेण, चिखल, खडे टाकले जात; म्हणून त्या जाताना एक लुगडे नेसत आणि शाळेत पोचल्यावर दुसरे नेसत, असे फुले-चरित्रांतून सांगितले जाते. ही कथा आपण इतक्या वेळा ऐकली आहे की तिच्यातले लुगडे आपल्याला दिसेनासे झाले आहे. भाषणांत ती येते ती धैर्याचे उदाहरण म्हणून. आम्हाला तिच्यातला रोजचा भाग महत्त्वाचा वाटतो. नऊवारी लुगडे बदलणे म्हणजे टोपी बदलणे नव्हे. आडोसा हवा, वेळ हवा, काष्टा पुन्हा नीट बसला पाहिजे, नंतर मळलेले लुगडे धुवायला हवे, वाळायला हवे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शिकवण्याआधीचे हे काम कोणत्याही हजेरीपटावर नोंदले गेले नाही. शिक्षकी पेशातल्या 'कामाच्या कपड्या'चा महाराष्ट्रातला उगम शोधायचा तर तो या दुसऱ्या लुगड्यात शोधावा लागेल, असे आमचे मत आहे. ते काही कोणी ठरवून दिलेल्या गणवेशाचे नव्हते. वर्गात मुलींसमोर चिखलाचा डाग घेऊन उभे राहायचे नाही, एवढ्यासाठीच ते होते.

यानंतर अर्ध्या शतकाने पार्वतीबाई आठवले यांचे उदाहरण येते, आणि ते याहून गुंतागुंतीचे आहे. धोंडो केशव कर्वे यांच्या दुसऱ्या पत्नी बाया कर्वे यांच्या त्या भगिनी. तरुणपणी वैधव्य आले, रूढीप्रमाणे केशवपन झाले, आणि पुढे त्या कर्व्यांच्या विधवागृहाच्या कार्यात शिरल्या. संस्थेसाठी गावोगाव हिंडून वर्गणी गोळा करणे हे त्यांचे मुख्य काम झाले. डोईवर पदर आणि अंगावर आलवण, म्हणजे विधवेचे तांबडे लुगडे, असा त्यांचा वेश होता. स्वतःच्या मनातून त्या रूढीचा आधार सुटल्यावरही त्यांनी तो वेश बराच काळ टाकला नाही. कारण सनातनी घरांचे दरवाजे त्या वेशालाच उघडत. सकेशा, सुधारकी वळणाची बाई दारात आली असती तर वर्गणी दूरच राहिली असती, आणि घरातली तरुण विधवा आश्रमात पाठवण्याचा विषयही निघाला नसता. अखेर १९१२ च्या सुमाराला, वयाच्या चाळिशीनंतर, त्यांनी केस राखायला सुरुवात केली. पुढे त्या संस्थेच्या कामासाठी अमेरिकेलाही जाऊन आल्या. १९२८ साली प्रसिद्ध झालेल्या 'माझी कहाणी' या आत्मचरित्रातून हा प्रवास वाचायला मिळतो. अभ्यासक्रमात हे पुस्तक आले की बहुधा 'विधवेचे दुःख' या शीर्षकाखाली शिकवले जाते. ते नोकरी करणाऱ्या स्त्रीचे पुस्तक म्हणूनही वाचायला हवे. आपल्याला मान्य नसलेला वेश कामासाठी वर्षानुवर्षे अंगावर वागवणे, आणि तो केव्हा टाकता येईल याचा अंदाज घेत राहणे, हा अनुभव आजच्या वाचकाला वाटतो तितका परका नाही.

आनंदीबाई जोशी यांचा उल्लेख येथे ओझरता करू. त्या शिक्षिका नव्हत्या, पण थंडीने पोशाखाचा प्रश्न किती उघडा पाडला ते त्यांच्या फिलाडेल्फियातल्या वास्तव्यात दिसते. १८८३ मध्ये अमेरिकेला जाताना त्या हिंदू म्हणूनच राहण्याचा निश्चय करून गेल्या होत्या. नऊवारी नेसल्यावर पोटऱ्या उघड्या राहतात. तिकडच्या हिवाळ्यात आणि तिकडच्या संकेतांत ते निभणारे नव्हते. त्यांनी साडीच ठेवली, पण गुजराती पद्धतीने नेसायला सुरुवात केली, म्हणजे पाय घोट्यापर्यंत झाकले जातील. गोपाळरावांना हा बदल रुचला नाही. त्यांच्या महाविद्यालयात १८८५ मध्ये काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. भारत, जपान आणि सीरिया येथून आलेल्या तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेशात बसलेल्या आहेत. ते चित्र पाहताना आपण 'भारतीय वेश' म्हणून जे पाहतो त्याच्या खाली अशी वाटाघाट दडलेली असते.

आता ज्या प्रकरणाशिवाय हा विषय मांडताच येणार नाही त्याकडे वळू. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' (१९८६) या आत्मकथनात महार स्त्रियांच्या लुगड्यासंबंधीचे गावाचे नियम सांगितले आहेत. लुगड्याचा काठ निऱ्यांत झाकला गेला पाहिजे, सवर्ण बायकांसारखा दिसता कामा नये, असा दंडक होता. अंगावर काय आहे याइतकेच ते कसे नेसले आहे यावरून जात ओळखली जावी, अशी ही व्यवस्था. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केले, ते या पार्श्वभूमीवर वाचावे. स्पृश्य स्त्रिया नेसतात तशी लुगडी नेसा, ढीगभर हलक्या धातूंचे दागिने टाकून द्या, कपडा ठिगळांचा असला तरी स्वच्छ असू द्या, असे त्यांनी सांगितले. आणि स्त्रियांनी लगेच लुगडी घोळदार, खाली पायांपर्यंत नेसून दाखवली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) या ग्रंथात हा प्रसंग वाचायला मिळतो. कापड तेच होते, फक्त नेसण्याची पद्धत बदलली होती. शेतात राबणाऱ्या बाईला गुडघ्यापर्यंतचे लुगडे सोयीचे, हे कोणीही सांगेल. त्या दिवशी महाडच्या स्त्रियांनी ती सोय सोडून दिली, कारण ती त्यांनी स्वतः निवडलेली सोय नव्हती.

स्वतः बाबासाहेबांचा सूट हा पुतळ्यांमुळे आपल्या इतका परिचयाचा झाला आहे की तो एका नोकरदार तरुणाचाही वेश होता हे ध्यानात येत नाही. नोव्हेंबर १९१८ पासून मार्च १९२० पर्यंत ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. कोलंबिया आणि लंडन येथे शिकून आलेला हा प्राध्यापक वर्गात उत्तम शिकवी, इतर कॉलेजांचे विद्यार्थीही त्याची व्याख्याने ऐकायला येत. आणि शिक्षक-खोलीतल्या माठातले पाणी त्याने पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. सूट घालून मिळणारा मान कोठवर पोचतो आणि कोठे थांबतो, ते या माठापाशी कळते. म्हणून तो वेश निरर्थक ठरत नाही. पोशाखावर लावलेली बंधने ज्याच्या समाजाने पिढ्यान्पिढ्या सोसली, त्याने नीट शिवलेला, इस्त्री केलेला, कोणत्याही जातीची खूण नसलेला वेश निवडणे याचा अर्थ त्याच्या विद्यार्थ्यांना समजत होता. पुढे पहिल्या पिढीतल्या दलित प्राध्यापकांनी पांढरा शर्ट, पँट आणि शक्यतो कोट हा वेश कसोशीने सांभाळला. त्यांच्या काही सवर्ण सहकाऱ्यांना तो कडक इस्त्रीचा थाट विनोदी वाटे. चुरगळलेला झब्बा घालून वर्गात येणे ज्यांना परवडत होते त्यांचाच तो विनोद होता.

येथे कोणी जोतीराव फुल्यांचे उदाहरण उलट बाजूने देईल, आणि ते द्यायलाही हवे. १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कनॉट यांच्यासाठी पुण्यात झालेल्या मेजवानीला जोतीराव शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि हा खरा हिंदुस्थान आहे अशा अर्थाचे बोलले. ते कंत्राटदारी आणि व्यापार करणारे, चांगले कपडे घेऊ शकणारे गृहस्थ होते. त्यांनी खालचा वेश वर नेला. बाबासाहेबांनी वरचा वेश खालच्या मानलेल्यांच्या हक्काचा केला. दिशा उलट दिसते. पण दोघांनीही प्रसंग आणि प्रेक्षक पाहून वेश ठरवला. 'मला यात बरे वाटते' एवढ्या कारणावर कपडे निवडण्याची चैन दोघांनाही नव्हती, असे आम्हाला वाटते.

स्त्रियांकडे परत येताना एक विसंगती नोंदवायला हवी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिकलेल्या मराठी घरांतल्या मुलींनी हळूहळू नऊवारी सोडून पाचवारी 'गोल' साडी स्वीकारली. प्रारंभी तिला थोरल्या बायकांकडून नावेही ठेवली गेली. काष्टा न घालता नेसणे त्यांना अशुभ किंवा निदान अगोचर वाटे. आज पाचवारी हीच परंपरा मानली जाते आणि परिपत्रकांत तिला पहिले स्थान मिळते. पण चालणे, वाकणे, धावणे, चढणे या दृष्टीने काष्ट्याची नऊवारीच सोयीची होती. कोळीणी, शेतमजूर स्त्रिया यांनी ती म्हणूनच टिकवली. शिक्षिका, परिचारिका, कारकून झालेल्या स्त्रीने जी साडी घेतली ती हालचालीला कमी सोयीची होती, पण ती प्रांताची, जातीची, कामकरी वर्गाची खूण पुसणारी होती. पगारी नोकरीत शिरताना ही खूण पुसणे तिला अधिक गरजेचे वाटले. मग फळ्यावर लिहिण्यासाठी हात उंच करताना पदर सांभाळणे, तो पिनेने टाचणे, खडू ठेवायला खिसा नसणे, हे सारे ओघानेच आले.

इरावती कर्वे यांना याच काळात आपल्या मनाप्रमाणे वावरता आले. १९३९ पासून त्या डेक्कन कॉलेजात होत्या. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. कुंकू नाही, मंगळसूत्र नाही, आणि त्याबद्दल सबब सांगणेही नाही. त्यांच्या धीटपणाचे कौतुक योग्यच आहे. त्याचबरोबर हेही खरे की बर्लिनची डॉक्टरेट, महर्षी कर्व्यांचे घर आणि विद्यापीठीय पद या तिन्ही गोष्टी त्यांच्या पाठीशी होत्या. त्याच वेळी एखाद्या तालुक्याच्या गावी जिल्हा लोकल बोर्डाच्या शाळेत एकटी राहून नोकरी करणाऱ्या मास्तरीणबाईंना बिनकुंकवाने शाळेत जाता आले असते का, याची कल्पना वाचकांनी करावी.

पुढची पन्नास वर्षे थोडक्यात सांगता येतात, कारण त्यांतला वाद एकाच वस्तूभोवती फिरला. सलवार-कमीज, ज्याला आपण कितीतरी वर्षे 'पंजाबी ड्रेस' म्हणत होतो, तो विद्यार्थिनींच्या अंगावर सहज आला. शिक्षिकांच्या अंगावर यायला फार वेळ लागला. साडी नेसली नाही तर बाई आणि मुली यांत फरक कळणार नाही, हे कारण आम्ही स्वतः संस्थाचालकांच्या तोंडून ऐकले आहे. बसला लोंबकळत येणाऱ्या, दोन सत्रांत शिकवणाऱ्या, गरोदरपणातही जिने चढणाऱ्या सहकारी बाईंनी परवानगीसाठी अर्ज केले, त्यांवर बैठका झाल्या, आणि आधी शनिवारपुरती, मग इतर दिवशी मुभा मिळत गेली. २०२४ च्या शासन निर्णयात सलवार-कुर्त्याचे नाव साडीच्या शेजारी बसले आहे, ते या अर्जांमुळे. दुपट्टा मात्र सक्तीचा राहिला.

आज कोणत्याही वरिष्ठ महाविद्यालयाच्या शिक्षक-खोलीत थोडा वेळ बसले तर हा सारा इतिहास एकाच वेळी समोर दिसतो. सेवानिवृत्तीला आलेले प्राध्यापक झब्बा आणि चपला घालून निवांत पेपर वाचत असतात. त्यांना कोणी काही म्हणत नाही, उलट विद्यार्थी त्यांच्या शबनमचे किस्से सांगतात. दाराजवळच्या खुर्चीवर तासिका तत्त्वावर नेमलेला तरुण बसलेला असतो. त्याला तासाप्रमाणे मानधन मिळते, तेही महिनोन्‌महिने थकते, आणि पुढच्या वर्षी नेमणूक होईल की नाही ते ठाऊक नसते. त्याचा शर्ट खोचलेला असतो, बूट पॉलिश केलेले असतात. त्याच्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची गरज पडलेली नाही. त्याच्या शेजारी, त्याच अटींवर नेमलेल्या बाई जूनमधल्या पहिल्या दिवसापासून रोज साडी नेसून येतात. कायम नेमणूक झाली की ड्रेस घालीन, असे त्या सांगतात.